जाळपोळीच्या खटल्यातील तज्ज्ञाची साक्ष आणि तिला आव्हान : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर, दुकान, होडी किंवा काजूची बागायत जळते. पोलीस 'आग लावली' म्हणून गुन्हा नोंदवतात. काडी ओढताना कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे पुढचा सगळा खटला बहुधा एकाच माणसाच्या मतावर उभा राहतो. तो कधी अग्निशमन दलाचा अधिकारी असतो, कधी न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, तर कधी विमा सर्वेक्षक. ते मत कच्चे असेल तर ते कसे ओळखायचे आणि न्यायालयात कसे तपासायचे, हे येथे सांगितले आहे. माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकरणातले कागद वकिलांना दाखवल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका.

आग लावणे हा नेमका कोणता गुन्हा आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२६ लागू आहे. मालमत्तेचे नुकसान करण्याच्या हेतूने आग लावल्यास ३२६(च) खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. इंग्रजी मजकुरात हा खंड 'एफ' आहे. राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावली असेल तर त्याच्या पुढचा खंड लागतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ४३५ आणि ४३६ लागू होतात.

निष्काळजीपणाने आग लागणे हा वेगळा आणि बराच हलका गुन्हा आहे. तज्ज्ञाने 'आग लावलेली दिसते' असे एक वाक्य लिहिले की माणूस हलक्या गुन्ह्यातून जन्मठेपेच्या गुन्ह्यात जाऊन पडतो. त्या एका वाक्याची इतकी कसून तपासणी का करायची, याचे उत्तर यातच आहे.

तज्ज्ञ सांगतो म्हणजे विषय संपला, असे आमचे नातेवाईक म्हणतात. खरे आहे का?

नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ (जुन्या पुरावा कायद्याचे कलम ४५) तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, पण ते मान्य करण्याचे बंधन न्यायाधीशांवर घालत नाही. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निष्कर्ष कोणत्या शास्त्रीय कसोटीवर काढला ते न्यायालयापुढे ठेवणे हे तज्ज्ञाचे काम आहे. ती कसोटी वापरून न्यायाधीशांना स्वतःचे मत बनवता आले पाहिजे. मयूर पानाभाई शाह विरुद्ध गुजरात राज्य या १९८२ च्या निकालात न्यायालयाने डॉक्टरची साक्षसुद्धा इतर कोणत्याही साक्षीदारासारखीच पारखून घ्यावी असे म्हटले.

याच नव्या अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे मताची कारणे संबद्ध ठरतात, तर कलम ४० प्रमाणे मताशी जुळणाऱ्या किंवा विसंगत असणाऱ्या गोष्टी पुराव्यात आणता येतात. बचावाचा सगळा डोलारा या दोन छोट्या कलमांवर उभा राहतो.

अमेरिकेत १९९३ च्या डॉबर्ट निकालानंतर न्यायाधीश अविश्वसनीय तज्ज्ञाला साक्षीआधीच दारातून परत पाठवू शकतात. आपल्याकडे तशी वेगळी पायरी नाही. मत आत येते आणि त्याचे वजन नंतर ठरते. म्हणून ते वजन कमी करण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे उलटतपासणीवर येते.

कोणत्या खुणांवरून 'आग लावली' असे चुकीने म्हटले जाते?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

गेल्या शतकात आगीच्या तपासात बऱ्याच समजुती एका पिढीने दुसरीला तोंडी दिल्या. कोणीही त्या प्रयोगाने तपासल्या नव्हत्या. काचेवर बारीक जाळीदार तडे दिसले की आग फार वेगाने भडकली, म्हणजे पेट्रोल ओतले, ही त्यातली एक. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या डोंगराळ वस्तीत वणव्याने हजारो घरे जळाली, तेव्हा तपासकांनी जळालेल्या घरांचा अभ्यास केला. तिथे कोणी घरोघरी पेट्रोल ओतलेले नव्हते, तरी तशा काचा सापडल्या. तापलेल्या काचेवर पाणी पडले की ती अशी तडकते, हे प्रयोगातही दिसले. आपल्याकडे अग्निशमन दलाचा पाण्याचा फवारा आणि जूनमधला पाऊस दोन्ही हजर असतात.

लाकडावर मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत कोळशाचे चौकोन दिसणे, सिमेंटच्या जमिनीचे पापुद्रे निघणे, भिंतीवर अरुंद 'व्ही' आकार उमटणे, ॲल्युमिनियमची चौकट वितळणे अशा बाकीच्या समजुतीही याच जातीच्या आहेत. सिमेंटमधला ओलावा तापून फुगला तरी पापुद्रे निघतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि साध्या फर्निचरची आगसुद्धा हे तापमान सहज ओलांडते. ज्वाळा पेट्रोलची आहे म्हणून ती लाकडाच्या ज्वाळेपेक्षा फार तापते, असे नाही.

सर्वांत घातक समज आहे ती जमिनीवरच्या डागांची. वेड्यावाकड्या कडांचा जळका डाग दिसला की 'येथे द्रव ओतले' असे लिहिले जाते. बंद खोलीत छताखाली जमा झालेला धूर सुमारे ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापला की त्याच्या उष्णतेने खोलीतली प्रत्येक जळण्याजोगी वस्तू जवळपास एकाच वेळी पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर जमीनसुद्धा जळते आणि जिथे हवा जास्त पोहोचते तिथे सर्वाधिक जळते. म्हणजे दारासमोर किंवा खिडकीखाली 'ओतल्यासारखा' डाग आपोआप तयार होतो.

२००५ मध्ये लास व्हेगास येथे अमेरिकी सरकारी तपासकांनी मुद्दाम एक खोली जाळली. फ्लॅशओव्हरनंतर ती केवळ दोनेक मिनिटे जळू दिली आणि ५३ आग-तपासकांना विचारले की आग खोलीच्या कोणत्या चौथाईत सुरू झाली. बरोबर उत्तर देणारे ५३ पैकी फक्त ३ निघाले. नुसता अंदाज बांधला असता तरी याहून जास्त जणांचे उत्तर बरोबर आले असते.

आपल्या घरांची बांधणीही लक्षात घ्या. चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात वासे, पाटये आणि माळ्यावरचे सामान जळत जळत खाली पडते. नारळाची सोडणे आणि वाळलेली चुडते साठवलेली असतील तर तीही पेटत कोसळतात. मग जमिनीवर एकमेकांपासून दूर असे दोन-तीन जळके डाग उरतात. अहवालात मात्र ते 'आग एकाच वेळी तीन ठिकाणी लावली' असे उतरते. छप्पर केव्हा कोसळले आणि कोणत्या डागाच्या वर काय होते, हे विचारल्याशिवाय असा निष्कर्ष मान्य करू नये.

अशा चुकीने खरोखर कोणाला शिक्षा झाली आहे का?

झाली आहे, आणि मृत्युदंडाचीही अंमलबजावणी झाली आहे. टेक्सासमधील कोर्सिकाना येथे २३ डिसेंबर १९९१ रोजी कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम याच्या घराला आग लागून त्याच्या तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे डाग आणि तडकलेल्या काचा पाहून तपासकांनी आग लावल्याचे सांगितले. ज्वलनशील द्रवाचा अंश फक्त पुढच्या ओसरीवर मिळाला होता, आणि तिथे कोळशाची शेगडी आणि ती पेटवण्याचे द्रव ठेवलेले असे. १७ फेब्रुवारी २००४ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्या खटल्यात वापरलेल्या खुणांना शास्त्रीय आधार नव्हता, असे आग-शास्त्रज्ञांनी त्याच्या मृत्यूच्या आधीही लिहून दिले होते आणि नंतरही.

याउलट उदाहरणही आहे, आणि ते सरकारी वकिलांनी वाचावे असे आहे. १९९० मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे लाइम स्ट्रीटवरील घराच्या आगीत सहा जण दगावले. आरोपी म्हणत होता की सोफ्याला लागलेली आग पसरली. सरकारी पक्षाने त्याला खोटे ठरवण्यासाठी शेजारचे जवळजवळ तसेच घर तसेच सामान भरून जाळून पाहिले. साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर अगदी 'ओतल्यासारखे' डाग उमटले. पेट्रोलचा थेंबही वापरला नव्हता. सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. मत प्रयोगाने तपासले तर काय होते, ते इथे दिसते.

प्रयोगशाळेला राखेत पेट्रोल सापडले. आता बचाव उरतो का?

उरतो. पेट्रोल सापडणे आणि ते आग लावण्यासाठी ओतलेले असणे यांच्यामध्ये बरेच अंतर आहे.

पहिला प्रश्न : ते तिथे एरवी असते का? गोव्यात घरोघरी दुचाकी आहेत. भाड्याच्या दुचाकींसाठी बाटल्यांतून पेट्रोल विकले जाते. काजूच्या बागायतीत गवत कापण्याचे यंत्र पेट्रोलवर चालते, मच्छीमाराच्या होडीचे इंजिनही. अग्निशमन दलाचे काही पंप आणि करवतीसुद्धा पेट्रोलवर चालतात. म्हणून जळालेल्या जागेच्या नमुन्याबरोबर त्याच घरातील न जळालेल्या, संशय नसलेल्या जागेचा तुलनात्मक नमुना घ्यावा लागतो. तो घेतला नसेल तर सापडलेला अंश आगीचा की रोजच्या वापराचा, हे सांगायला तज्ज्ञापाशी आधार राहत नाही.

दुसरा प्रश्न : ते खरेच पेट्रोल होते का? प्लास्टिक, फोम आणि गालिचा जळताना टोल्युईन, स्टायरिन यांसारखी रसायने बाहेर पडतात. त्यातली काही पेट्रोलमध्येही असतात. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (नमुन्यातली रसायने वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीच्या) आलेखातली एक-दोन टोके जुळली म्हणून पेट्रोल सिद्ध होत नाही. संपूर्ण ठेवण जुळावी लागते. म्हणून नुसता 'सकारात्मक' शेरा न स्वीकारता मूळ आलेख मागा. फर्निचरच्या पॉलिशमध्ये टर्पेंटाइन असू शकते आणि काही कीटकनाशके केरोसीनसारख्या द्रावकात बनवलेली असतात.

तिसरा प्रश्न : नमुना कशात ठेवला? पेट्रोलचे बाष्प साध्या प्लास्टिक पिशवीतून बाहेर जाते आणि बाहेरचे आतही येते. हवाबंद धातूचा डबा किंवा त्यासाठीच बनवलेली पिशवी हवी. घरातून जप्त केलेला पेट्रोलचा कॅन आणि राखेचा नमुना एकाच गाठोड्यात, एकाच मुद्देमाल खोलीत ठेवले असतील, तर तो मुद्दा न्यायालयासमोर ठळकपणे यायलाच हवा. पंचनाम्याची तारीख, सीलचे वर्णन, मुद्देमाल नोंदवहीतील प्रत्येक नोंद आणि वेर्णा येथील राज्य न्यायसहायक प्रयोगशाळेने नमुना स्वीकारताना लिहिलेली स्थिती एकमेकांशी ताडून पाहा.

फेणी आणि उर्राकाबद्दलही विचारले जाते. मद्यार्क पाण्यात विरघळतो, फवाऱ्याने वाहून जातो, आणि पेट्रोल-केरोसीन शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तो निसटू शकतो. त्यामुळे भट्टीच्या किंवा बारच्या आगीत त्याची वेगळी तपासणी केली का, हे विचारावे.

प्रयोगशाळेला काहीच सापडले नाही, तरी तज्ज्ञ म्हणतो की द्रव पूर्ण जळून गेले असावे.

असे होऊ शकते. पण 'होऊ शकते' हा पुरावा नाही. अंश सापडला तर आग लावली आणि नाही सापडला तरी लावली, असे जे मत म्हणते ते कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही. त्याला एवढेच विचारा : कोणता निष्कर्ष आला असता तर तुम्ही तुमचे मत बदलले असते? उत्तर नोंदवून घ्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा.

'शॉर्ट सर्किट नव्हते, गॅस गळती नव्हती, म्हणून लावलीच' हे तर्काला धरून आहे ना?

नाही. सगळी अपघाती कारणे खोडून काढली आणि जे उरले ते जाळपोळ, या पद्धतीला अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या 'एनएफपीए ९२१' या मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत स्पष्ट नकार दिला. कारण समजले नाही तर 'कारण अनिश्चित' असे लिहिणे हेच प्रामाणिक उत्तर असते. ही मार्गदर्शिका भारतात बंधनकारक नाही, पण ती १९९२ पासून या क्षेत्रात जगभर वापरली जाते आणि तज्ज्ञापुढे ठेवता येते.

आपल्याकडे उलट आजारही आहे : काही कळले नाही की 'शॉर्ट सर्किट' लिहायचे. आग दुसऱ्या कशाने लागली तरी जळत्या वायरींमध्ये नंतर शॉर्ट सर्किट होतेच, म्हणून तांब्याच्या वायरीवर वितळलेला मणी दिसला एवढ्यावरून कारण ठरत नाही. एमसीबी (वीजप्रवाह आपोआप तोडणारा स्विच) कोणत्या स्थितीत होता, कोणती वायर जिवंत होती, वीज खात्याच्या फीडरची त्या वेळची नोंद काय सांगते, हे सगळे पाहावे लागते. वीज खात्याची नोंद लवकर मागा.

अग्निशमन दलाच्या अहवालाला किती महत्त्व द्यावे?

दोन भाग करून वाचा. दूरध्वनी केव्हा आला, बंब केव्हा पोहोचला, ज्वाळा कुठे होत्या, दार बंद होते का, पाणी किती मारले, ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली माहिती आहे आणि ती फार मोलाची असते. गोव्यातील जवान अतिशय कठीण जागी पोहोचतात. त्यांच्या या नोंदींबद्दल मला आदर आहे. पण 'आगीचे संभाव्य कारण' हा रकाना बऱ्याचदा त्याच रात्री, राख गार होण्याआधी भरलेला असतो. आग विझवणे आणि आगीचे कारण शोधणे ही वेगळी प्रशिक्षणे आहेत. अधिकाऱ्याने कारण-तपासाचे कोणते प्रशिक्षण घेतले, घटनास्थळी पुन्हा कधी गेला, छायाचित्रे काढली का, हे विचारणे त्याचा अपमान नव्हे.

शिवाय हा अहवाल पुढच्या प्रश्नातल्या सरकारी वैज्ञानिकांच्या यादीत येत नाही. तो लिहिणाऱ्याने साक्ष देऊन सिद्ध करावा लागतो.

प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञ न येताच वाचला जातो, हे कसे?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३) केंद्रीय किंवा राज्य न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक, उपसंचालक, सहायक संचालक, रासायनिक परीक्षक अशा ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल थेट पुराव्यात वापरू देते. न्यायालयाला योग्य वाटल्यास ते तज्ज्ञाला बोलावू शकते.

येथे एक सापळा आहे. कलम ३३० प्रमाणे कागदपत्रे मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती मान्य की अमान्य हे सांगावे लागते, आणि पक्षकाराने अहवालाला हरकत घेतल्याशिवाय तज्ज्ञाला न्यायालयात बोलावले जात नाही. न्यायालय मुदत वाढवू शकते, पण कारणे नोंदवून. आरोपपत्र मिळाल्यावर 'पुढच्या तारखेला बघू' म्हणणारा आरोपी इथेच हक्क गमावून बसतो. वकील नेमून त्या तीस दिवसांतच लेखी हरकत नोंदवा : अहवाल अमान्य आहे, तज्ज्ञाला उलटतपासणीसाठी बोलवा, आणि मूळ आलेख व कामाच्या नोंदी द्या. १ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेल्या खटल्यांना जुने कायदे लागू असू शकतात. ते आधी तपासा.

पोलिसांनी आरोपपत्राला न जोडलेले कागद मागता येतात का?

येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतील त्रुटींबाबतच्या निकालात सांगितले की, ज्या कागदांवर आणि वस्तूंवर सरकारी पक्ष अवलंबून नाही त्यांचीही यादी आरोपीला मिळायला हवी. आगीच्या खटल्यात या यादीत न वापरलेली छायाचित्रे, नकारार्थी नमुने आणि पोलिसांनी प्रयोगशाळेला पाठवलेले पत्र असू शकते.

ते पत्र अवश्य वाचा. गोव्यात आगीचा संशय पुष्कळदा आधीच्या भांडणातून येतो. भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) वाद, वडिलोपार्जित घराची वाटणी, दोन भावांमधली बागायतीची सीमा अशी ती भांडणे असतात. पत्रात 'आरोपीने जुन्या वादातून पेट्रोल ओतून घर जाळले' असे लिहून नमुना पाठवला असेल, तर रसायनतज्ज्ञाला उत्तर आधीच सांगितलेले असते. माणूस प्रामाणिक असला तरी अशा माहितीने त्याची नजर वळते. वाद हा हेतूचा पुरावा असू शकतो. राखेतल्या खुणा कशा वाचायच्या हे त्यावरून ठरू नये.

उलटतपासणीत नेमके काय विचारावे?

हे वकिलांसाठी. तज्ज्ञाला त्याची सरतपासणी पुन्हा वाचून दाखवायची संधी देऊ नका. निष्कर्ष मागू नका. छायाचित्रांपासून सुरुवात करा. या छायाचित्रातला डाग कोणत्या वस्तूखाली होता? खोलीत फ्लॅशओव्हर झाला होता का, आणि नसेल तर ते कशावरून? पोहोचण्यापूर्वी तुम्हाला कोणी काय सांगितले? आग सुरू झाल्याची जागा किती मापाची ठरवली, आणि त्या जागेतील कोणकोणती उष्णतेची साधने तपासली? समई, मच्छर अगरबत्ती, फ्रीजचा कॉम्प्रेसर, चार्जिंगला लावलेली दुचाकीची बॅटरी, यांतले प्रत्येक कोणत्या निरीक्षणावरून वगळले? तुमच्या कामाची दुसऱ्या कोणी तपासणी केली का?

ग्रंथ वापरायचा असेल तर त्यातला उतारा साक्षीदारापुढे ठेवाच. भगवान दास विरुद्ध राजस्थान राज्य या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, जो उतारा तज्ज्ञाला दाखवला नाही त्याच्या आधारे त्याचे मत फेटाळणे सुरक्षित नाही. युक्तिवादाच्या दिवशी पुस्तक उघडून उपयोग नसतो.

तज्ज्ञाला खोटारडा म्हणू नका. तो बहुतेक वेळा खोटारडा नसतो. त्याला शिकवलेले जुने झालेले असते, आणि न्यायाधीशांना हे सभ्यपणे दाखवले तर ते ऐकतात.

आमच्या बाजूने तज्ज्ञ आणता येतो का? खर्च परवडणार नाही.

बचावाचा साक्षीदार म्हणून आणता येतो. निवृत्त प्रयोगशाळा अधिकारी, विद्युत अभियंता किंवा अग्निसुरक्षा अभियंता असे लोक निदान कागद वाचून वकिलाला प्रश्न काढून देऊ शकतात, आणि साक्षीपेक्षा ही मदत कधी कधी जास्त कामाची असते. कोठडीत असलेल्या व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. वकील मिळाल्यावर तज्ज्ञाची गरज लेखी मांडायला सांगा.

विमा सर्वेक्षकाने 'आग संशयास्पद' लिहिले आणि त्यावरूनच गुन्हा नोंदवला गेला.

सर्वेक्षक दाव्याची रक्कम ठरवायला येतो. दिवाणी व्यवहारातला त्याचा संशय फौजदारी खटल्यात पुरेसा ठरत नाही. दाव्यातसुद्धा त्याचा अहवाल अंतिम शब्द नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात म्हटले. त्याच वर्षीचा दुसरा निकाल तर गोव्यातलाच आहे. जानेवारी १९९९ मध्ये झुआरीनगरच्या खत कारखान्यात मुख्य स्विचबोर्डात शॉर्ट सर्किट होऊन ज्वाळा उठली आणि पुढे बॉयलरचे नुकसान झाले. टिकून राहिलेली आगच नव्हती, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. क्षणाच्या अंशाएवढी टिकली तरी ती आगच, असे ठरवले.

जंगलातल्या वणव्यांचे काय? सत्तरीत बागायतदारांवर बोट दाखवले जाते.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या, हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले, आणि माणसानेच आगी लावल्याचा संशय उघड बोलला गेला. अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा आहे आणि त्याचे गांभीर्य मी कमी करत नाही. पण एका विशिष्ट माणसाविरुद्ध पुरावा काय आहे, ते पाहा. उपग्रहाची नोंद दाखवली जाते. नासाच्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा एक बिंदू साधारण ३७५ मीटरचा असतो आणि मोडिस या दुसऱ्या उपकरणाचा एक किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात काजूच्या कित्येक बागायती, सडा आणि वाट मावते. शिवाय उपग्रह तिथून गेला तेव्हा आग कुठे होती एवढेच त्यातून कळते. ती कुठे सुरू झाली आणि कोणी लावली हे कळत नाही. सुरुवातीची जागा जमिनीवर जाऊन, वारा, उतार आणि गवताच्या जळलेल्या बाजू पाहून शोधावी लागते, तीही पहिल्या पावसाच्या आत.

पोलिसांचा कुत्रा आरोपीच्या दाराशी थांबला. हा पुरावा आहे का?

फारच कमकुवत. माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फार वजन देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अब्दुल रजाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटले होते. ज्वलनशील द्रव हुंगणाऱ्या कुत्र्याने दिलेला इशाराही प्रयोगशाळेने दुजोरा दिल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

या सगळ्याचा फायदा बायकोला जाळणाऱ्यांना होणार नाही का?

हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारणाऱ्यांमध्ये लेक गमावलेल्या आई-बापांचा समावेश असतो. शास्त्राची कसोटी दोन्ही बाजूंना लागते. 'स्टोव्हचा भडका उडाला' असे सासर म्हणते तेव्हा स्टोव्ह जप्त झाला का, त्याची टाकी फुटली का, पिन आणि वॉशर कोणत्या स्थितीत होते, भाजल्याच्या जखमा उभ्या माणसाच्या की बसलेल्या, केसांत केरोसीनचा अंश होता का, हे सगळे त्याच कठोरपणे तपासायला हवे. स्टोव्ह शाबूत सापडला तर ती कहाणी तिथेच कोसळते. शिवाय अशा खटल्यांत मृत्युपूर्व जबानी असते; लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या घटनापीठाच्या निकालानुसार डॉक्टरचे शुद्धीवर असल्याचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने ती बाद होत नाही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत हुंडाबळीचे अनुमानही कायद्यात आहे. या स्त्रियांना न्याय मिळायला खोट्या खुणा लागत नाहीत. लागतो तो वेळेवर केलेला नीट पंचनामा.

हडफडे येथील आगीला हे लागू आहे का?

डिसेंबर २०२५ मधील त्या नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचे प्राण गेले. तिथला आरोप आग लावल्याचा नाही, जबाबदारी न पाळल्याचा आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर येथे भाष्य नाही.

आग लागून गेल्यावर घरमालकाने किंवा संशयिताने लगेच काय करावे?

राख उपसू नका, जागा धुऊ नका. पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नका. त्यानंतरही बोर्ड, वायरी आणि विजेची उपकरणे फेकू नका. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून छायाचित्र घ्या, छत आणि जमीन दोन्हीचे. शेजाऱ्यांनी मोबाइलवर काढलेले चित्रण मूळ स्वरूपात मागून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत वेळेची मूळ माहिती उरत नाही. ज्वाळा आधी कुठून बाहेर आल्या हे पहिल्या काही सेकंदांच्या चित्रणातच दिसते. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळाला भेट द्यावी, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे, आणि राज्यांना ती पाच वर्षांच्या आत अधिसूचित करून लागू करायची आहे. तशी भेट झाली का, कोणत्या दिवशी झाली, हे लिहून ठेवा. झाली नसेल तर पोलीस स्थानकाला लेखी विनंती द्या आणि पोच घ्या.

शिक्षा होऊन गेली आहे. आता काही करता येते का?

टेक्सासने २०१३ मध्ये कालबाह्य शास्त्रावर आधारलेल्या शिक्षा पुन्हा उघडण्यासाठी वेगळा कायदा केला. पेनसिल्व्हेनियात हान ताक ली याला मुलीच्या मृत्यूबद्दल जन्मठेप झाली होती. ज्या आग-शास्त्रावर ती उभी होती ते टिकले नाही आणि २०१४ मध्ये, २४ वर्षांनी, तो सुटला. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. पण अपील प्रलंबित असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ (जुने ३९१) खाली अपील न्यायालय अतिरिक्त पुरावा घेऊ शकते किंवा घ्यायला सांगू शकते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्धचे अपील पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात चालते. अर्जासोबत जुन्या अहवालातला प्रत्येक निष्कर्ष आणि त्यावर आजचे शास्त्र काय म्हणते, असा स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय जोडा. मुद्देमाल नष्ट करण्याची परवानगी मागितली गेली असेल तर तिला त्याच दिवशी हरकत घ्या. राखेचा तो डबा गेला, तर पुन्हा तपासायला काही उरत नाही.